एका निवडणुकीची परिषद

इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या सॉमरसेट काउंटीत १ एप्रिल २०१९ रोजी एक नवी डिस्ट्रिक्ट कौन्सिल कामाला लागली. नाव सॉमरसेट वेस्ट अँड टॉन्टन. महिनाभरात, २ मे २०१९ ला, तिची निवडणूक झाली आणि ५९ सदस्य निवडून आले. पुढची निवडणूक मे २०२३ मध्ये व्हायची. ती होण्याआधीच, १ एप्रिल २०२३ ला, परिषद इतिहासजमा झाली. पोटनिवडणुका सोडल्या तर या परिषदेचा सगळा निवडणूक-इतिहास एकाच मतमोजणीत आटोपतो.

या परिषदेवरून एका घरात झालेला हा वाद. भाची टॉन्टनमध्ये राहते आणि तिथल्या रुग्णालयात नोकरी करते. पासपोर्ट भारताचा असला तरी राष्ट्रकुलातल्या देशाची नागरिक आणि ब्रिटनची रहिवासी म्हणून तिला तिथल्या निवडणुकांत मताचा अधिकार आहे, आणि २०१९ मध्ये तिने तो बजावलाही. मामा साताऱ्याकडचे, गटविकास अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. सुनील गावसकर १९८० च्या हंगामात सॉमरसेटकडून खेळले तेव्हापासून टॉन्टन हे नाव त्यांच्या ओळखीचं. आता भाचीकडे मुक्कामाला आले की तिथले सरकारी अहवाल वाचणं हा त्यांचा विरंगुळा.

मामा: तुझी तक्रार नेमकी काय आहे ते एकदा सांग. परिषद बंद झाली याची, की तुला न विचारता बंद झाली याची?

भाची: हिशेब न देता बंद झाली याची. मामा, पहिल्या निवडणुकीत माणूस जाहीरनामा बघून मत देतो. काम बघून मत द्यायची वेळ दुसऱ्या निवडणुकीत येते. आमच्या परिषदेला दुसरी निवडणूक लाभलीच नाही. मी ज्यांना निवडून दिलं त्यांना ‘शाब्बास’ म्हणायची किंवा घरी बसवायची संधी मला त्या परिषदेपुरती मिळालीच नाही.

मामा: अगं, चार वर्षांत एक महिना कमी भरला. याला काय अकाली म्हणायचं? आपल्याकडे बघ. २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासकच कारभार हाकत राहिले. आमची परिषद राहिली, निवडणूक गेली. तुमची निवडणूक झाली, परिषद गेली. मला विचारशील तर तुमचं बरं म्हणायचं.

भाची: दोन वाइटांतलं कमी वाईट ते चांगलं, हा सरकारी न्याय झाला.

मामा: मग सरकारी माणसाचंच ऐक. ही परिषद मुळात जन्मली का, तिथून सुरू करू. १९७२ च्या कायद्याने इंग्लंडभर नवी रचना केली आणि ती १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली. वर काउंटी, खाली आपल्या तालुक्यांएवढे डिस्ट्रिक्ट. या भागात दोन डिस्ट्रिक्ट झाले. टॉन्टन आणि वेलिंग्टन ही गावं आणि त्यांच्या भोवतालचा ग्रामीण भाग मिळून टॉन्टन डीन. मिनहेड, वॉचेट, विलिटन, डल्व्हर्टन आणि एक्समूरचा डोंगराळ प्रदेश मिळून वेस्ट सॉमरसेट. पहिल्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १ लाख १० हजारांच्या घरात, दुसऱ्याची जेमतेम ३५ हजार. आपल्याकडे एवढ्या वस्तीला नगरपालिकासुद्धा लहान म्हणतात.

भाची: लहान होती म्हणून तर माणसं ओळखीची होती. वेस्ट सॉमरसेटमध्ये २८ सदस्य होते. सव्वाबाराशे लोकांमागे एक! सुरुवातीची कित्येक वर्षं तिथे अपक्षांचं वजन होतं, कारण उमेदवाराचा पक्ष कोणता यापेक्षा तो कुणाचा कोण आणि पावसाळ्यात रस्ता खचला तेव्हा कुठे होता, हे लोकांना ठाऊक असायचं.

मामा: ओळखीने रस्ता होत नाही, पैशाने होतो. शिवाय रस्ते काउंटीकडे. शाळा काउंटीकडे. म्हाताऱ्यांची, अपंगांची देखभाल काउंटीकडे. डिस्ट्रिक्टकडे काय? घरबांधणी, बांधकाम परवाने, कचरा, बागा, कर गोळा करणं. कर गोळा करून त्यातला मोठा वाटा काउंटीला, पोलिसांना, अग्निशमन दलाला द्यायचा आणि आपल्या हाती साधारण दहावा हिस्सा ठेवायचा. पंचायत समितीत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला हे चित्र नवं नाही. सभापतींना गाडी मिळते, दालन मिळतं, दारात माणसांची रांग लागते. पण निधी वरून येतो आणि वरूनच अडतो.

भाची: तरी वेस्ट सॉमरसेटला हिंकली पॉइंटच्या अणुवीज केंद्राचा आधार होता.

मामा: आधार कसला, टांगती तलवार! २०१३ पासून बिझनेस रेट्स, म्हणजे धंद्याच्या जागांवरचा कर, काही प्रमाणात स्थानिक परिषदेकडे राहू लागला. ३५ हजार वस्तीच्या परिषदेचं उत्पन्न एका वीज केंद्राच्या करमूल्यावर हेलकावे खायला लागलं. त्याच्याही आधी लोकल गव्हर्नमेंट असोसिएशनच्या तपासणीत निष्कर्ष निघाला होता की ही परिषद स्वतंत्रपणे फार काळ तगणार नाही. मग टॉन्टन डीनबरोबर एकच मुख्याधिकारी आणि एकच कर्मचारीवर्ग ठेवला. सभागृहं दोन, फाईल हलवणारी माणसं तीच. २०१९ मध्ये सभागृहंही एक केली. ५६ आणि २८ मिळून ८४ सदस्य होते, त्यांचे ५९ झाले. यात लोकशाहीचं काय बिघडलं?

भाची: बिघडलं ते असं. २०१७ मध्ये सोशल मोबिलिटी कमिशनचा अहवाल आला. गरीब घरातल्या मुलांना पुढे जायची संधी कुठे किती मिळते, त्यावर इंग्लंडमधल्या ३२४ परिषदांच्या हद्दींचा क्रम लावला होता. त्यात वेस्ट सॉमरसेट ३२४ वं. शेवटचं! बस कमी, नोकऱ्या हंगामी, मिनहेडच्या किनाऱ्यावर पर्यटक आले तर पगार, नाही आले तर घरी. अशा भागाला स्वतःचा आवाज जास्त हवा होता. त्याच वेळी २८ जणांचं त्याचं सभागृह गेलं. तिथले खासदार इयन लिडेल-ग्रेंजर सत्ताधारी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचेच, तरी त्यांनी या विलीनीकरणाला कडाडून विरोध केला.

मामा: तुझाच दाखला तुझ्यावर उलटतो. तो ३२४ वा क्रमांक लागला तेव्हा २८ जणांचं सभागृह शाबूत होतं. ४३ वर्षं शाबूत होतं. मुलांच्या शाळा ज्यांच्या हातात नाहीत, त्यांनी सभागृहात कितीही पोटतिडकीने भाषणं केली तरी क्रमांक हलायचा नाही. अधिकार आणि मत एका ठिकाणी नसेल तर मत वाया जातं. म्हणून तर शेवटी सगळ्या काउंटीची एकच परिषद करून सगळे अधिकार एका छताखाली आणले.

भाची: तिथे येऊच आपण. आधी मे २०१९ बघू. तुम्ही आकडे वाचलेत, मी मतदान केंद्र बघितलंय. तिथे यंत्र नाही. लाकडी आडोसा, त्यात एक फळी आणि दोरीला बांधलेली शिसपेन्सिल. आमच्या प्रभागात तीन जागा होत्या, म्हणून तीन फुल्या मारायच्या. चिन्हांच्या शेजारी उमेदवारांची नावं आणि पत्ते छापलेले. त्या वेळी ओळखपत्रसुद्धा दाखवावं लागत नसे, ती सक्ती मे २०२३ पासून आली. नाव आणि पत्ता सांगितला, यादीत खूण झाली, कागद हातात पडला. परक्या देशात कुणी आपलं मत मागतंय आणि ते मोजतंय, याचं मला त्या दिवशी फार अप्रूप वाटलं.

मामा: आणि निकाल?

भाची: लिबरल डेमोक्रॅट ३०, अपक्ष १४, कॉन्झर्व्हेटिव्ह १०, लेबर ३, ग्रीन २. दोन्ही जुन्या परिषदांमध्ये २०१५ ला कॉन्झर्व्हेटिव्हांचं बहुमत होतं. ज्यांनी विलीनीकरण घडवलं तेच नव्या सभागृहात तिसऱ्या क्रमांकावर गेले.

मामा: त्याचं श्रेय एकट्या विलीनीकरणाला देऊ नकोस. त्याच दिवशी देशभरात कॉन्झर्व्हेटिव्हांच्या १,३०० च्या वर जागा गेल्या. युरोपीय संघातून २९ मार्चला बाहेर पडायचं ठरलं होतं, ते लांबलं. बाहेर पडायचं म्हणणारे चिडलेले, राहायचं म्हणणारेही चिडलेले. तुझ्या या दोन्ही डिस्ट्रिक्टनी २०१६ मध्ये बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला होता. लंडनवरचा राग टॉन्टनच्या सभागृहावर निघाला. स्थानिक निवडणूक स्थानिक प्रश्नांवर होते, ही समजूत आपल्याकडेही खोटी आणि इथेही.

भाची: मग अपक्ष १४ कसे आले? लंडनवर राग होता तर तो दुसऱ्या मोठ्या पक्षाच्या पदरात पडायला हवा. लेबरला तीनच जागा मिळाल्या. लोकांनी ओळखीची माणसं शोधून काढली, असाच त्याचा अर्थ मी लावते.

मामा: हे मान्य करण्यासारखं आहे. पुढे?

भाची: पुढे काठावरचं बहुमत. ५९ मध्ये ३०. फेडेरिका स्मिथ-रॉबर्ट्स नेत्या झाल्या. बसायला लागल्या आणि वर्षभरात कोरोना आला. ऑगस्ट २०२० मध्ये नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंस्थेचं पत्र आलं की सॉमरसेटच्या पाणथळ प्रदेशात फॉस्फेटचं प्रमाण वाढलंय, नव्या घरांचं सांडपाणी त्यात भर घालणार नाही याची खात्री झाल्याशिवाय परवाने देऊ नका. हजारो घरांची प्रकरणं अडकली. घरं बांधायचं म्हणून निवडून आलेल्या परिषदेच्या हातात परवान्यांचा गठ्ठा, आणि शिक्का मारता येत नाही. त्याच सुमारास सरकारने सॉमरसेटला विचारलं की तुम्हाला एकस्तरीय रचना हवी आहे का, प्रस्ताव पाठवा.

मामा: म्हणजे दीड वर्षाच्या परिषदेला मृत्युपत्र करायला सांगितलं!

भाची: असं तुम्हीच म्हणालात, बरं का. प्रस्ताव दोन गेले. काउंटीचा ‘वन सॉमरसेट’, म्हणजे सगळ्या काउंटीची एक परिषद. काउंटीतल्या चारही डिस्ट्रिक्टचा ‘स्ट्राँगर सॉमरसेट’, म्हणजे पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक. डिस्ट्रिक्टनी २०२१ च्या मे-जूनमध्ये स्वतः लोकांचं मत घेतलं. ६५ टक्के लोकांनी दोन परिषदा मागितल्या, ३५ टक्क्यांनी एक. २१ जुलैला मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी एक परिषद जाहीर केली.

मामा: किती लोकांनी मत दिलं होतं?

भाची: चौथ्या हिश्शाच्या आसपास.

मामा: तेच म्हणतो. चारातले तीन घरी बसले. मतदान घेणाऱ्यांचं स्वतःचं अस्तित्व पणाला लागलेलं. त्याला कायद्याचं बंधन नव्हतं. शिवाय सरकारचा निकष होता तीन ते सहा लाख लोकसंख्या. सॉमरसेटची लोकसंख्या २०२१ मध्ये ५ लाख ७१ हजार. एक परिषद निकषात चपखल बसते. दोन केल्या तर दोन्ही तीन लाखांच्या खाली जातात. मी त्या खुर्चीत असतो तर मीही हेच केलं असतं.

भाची: त्याच २१ जुलैला, त्याच मंत्र्यांनी उत्तरेकडच्या कंब्रियाच्या दोन परिषदा केल्या. कंबरलँडची वस्ती पावणेतीन लाखांच्या आसपास, वेस्टमोरलँड अँड फर्नेसची सव्वादोन लाख. दोन्ही तीन लाखांच्या खाली. आणि नॉर्थ यॉर्कशरची एकच केली, ती सहा लाखांच्या वर! एकाच दिवशी तीन निर्णय, त्यातले दोन निकषाबाहेर. निकष पाळायचा तर सगळीकडे पाळा. वाकवायचा असेल तर जिथे लोकांनी हात वर करून मागितलं तिथे वाकवा.

मामा: ‘परिस्थिती पाहून दुसरा आकडाही चालेल’ अशी सोय त्या निकषात ठेवलेली होती.

भाची: आणि परिस्थिती कोण पाहणार? मंत्री.

मामा: दुसरं कोण पाहणार? बरं, मला एक सांग. तुझं म्हणणं हिशेब झाला नाही. मे २०२२ मध्ये काय झालं मग? काउंटीची लांबणीवर टाकलेली निवडणूक झाली आणि सदस्यसंख्या ५५ ची ११० केली. कायद्याने डिस्ट्रिक्ट विसर्जित झाले, काउंटी कौन्सिल नाव आणि रूप बदलून चालू राहिली, आणि ११० जणांचं हेच सभागृह पुढे नवी परिषद झालं. त्यात लिबरल डेमोक्रॅट ६१, कॉन्झर्व्हेटिव्ह ३६. एक परिषद मागणारी काउंटीची सत्ता लोकांनी उलथवली आणि दोन मागणाऱ्यांच्या हाती चाव्या दिल्या. तुमच्या फेडेरिकाबाईही नव्या कार्यकारी मंडळात गेल्या. हिशेब यापेक्षा चोख कसा व्हायचा?

भाची: हिशेब झाला, पण निर्णय तसाच राहिला. ज्या एका परिषदेला लोकांनी नको म्हटलं, ती त्यांनी नको म्हणणाऱ्यांकडूनच चालवून घ्यायची! बिल रेव्हन्स नेते झाले आणि नव्या परिषदेच्या पहिल्याच वर्षी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, तिला आर्थिक आणीबाणी जाहीर करावी लागली. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात १० कोटी पौंडांची तूट. वन सॉमरसेटच्या प्रस्तावात दर वर्षी १ कोटी ८५ लाख पौंड वाचतील असं लिहिलं होतं. २०२५ मध्ये सरकारची खास परवानगी काढून कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरांवरचा स्थानिक कर, साडेसात टक्क्यांनी वाढवला. दोन चुलींची एक केली म्हणून खाणारी तोंडं कमी होत नाहीत.

मामा: थांब. ही तूट विलीनीकरणाची नाही. म्हाताऱ्यांच्या आणि मुलांच्या देखभालीचा खर्च देशभर फुगला, दोन स्तर असलेल्या काउंट्याही त्याच खाईत आहेत. आणि सॉमरसेटमध्ये आधीच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सत्तेने २०१० पासून सहा वर्षं कौन्सिल टॅक्स गोठवून ठेवला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचं बिल आता आलं. दोन परिषदा केल्या असत्या तर तूटही दोघींत वाटली गेली असती, संपली नसती.

भाची: कबूल, सगळी तूट विलीनीकरणाची नाही. पण ते करताना बचतीचा आकडा मोठ्या अक्षरांत सांगितला आणि या खर्चाचा अंदाज बारीक अक्षरांत. मतदाराच्या हाती काय राहिलं? पूर्वी कौन्सिल टॅक्सच्या बिलावर डिस्ट्रिक्टची वेगळी ओळ असायची. रक्कम छोटी, पण त्या ओळीवर बोट ठेवून मी विचारू शकत होते की या पैशांत माझ्या गल्लीसाठी काय केलंत. १ एप्रिल २०२३ पासून ती ओळच गेली. काउंटी आणि चार डिस्ट्रिक्ट अशा पाच परिषदांच्या मिळून २६९ जागा होत्या, आता ११० आहेत.

मामा: त्या २६९ मध्ये कित्येक जण एकाच वेळी काउंटीतही बसायचे आणि डिस्ट्रिक्टमध्येही. माणसं मोज, खुर्च्या मोजू नकोस. शिवाय १८ लोकल कम्युनिटी नेटवर्क केली आहेत. टॉन्टनला २०२३ पासून स्वतःची टाउन कौन्सिल मिळाली. बागा, सार्वजनिक शौचालयं यांची जबाबदारी टाउन आणि पॅरिश कौन्सिलांकडे जात आहे. कचरा तर २००७ पासून सगळ्या काउंटीत एकत्रच उचलला जातो. तळाचा स्तर मेलेला नाही.

भाची: नेटवर्कला निर्णयाचा अधिकार नाही, ती चर्चेची जागा. टाउन कौन्सिलला बागा दिल्या, पण बांधकाम परवाना दिला नाही. वॉचेटच्या धक्क्यालगत काय बांधायचं ते आता काउंटीभराच्या परिषदेत ठरणार. पूर्वी ते विलिटनला ठरायचं, दोन मैलांवर. मामा, तुमच्या पंचायत समितीतून असा एखादा विषय मंत्रालयात गेला असता तर तुम्ही काय केलं असतं?

मामा: टिपण लिहून पाठवलं असतं आणि उत्तराची वाट बघत बसलो असतो. पण तू नीट उत्तर मागते आहेस म्हणून सांगतो. आपल्याकडे ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये पंचायतींना संविधानाचं कवच मिळालं. पाच वर्षांची मुदत, बरखास्त केली तर सहा महिन्यांत निवडणूक, सगळं लिहून ठेवलंय. इथे लिखित संविधानच नाही. पार्लमेंटने उद्या कायदा केला तर शंभर वर्षांची परिषदही जाते.

भाची: आणि आपल्याकडे लिहून ठेवलेलं असताना प्रशासक बसले ते बसलेच.

मामा: म्हणून तर मला त्या लिहिण्याचंही फार कौतुक नाही. मी इतकंच म्हणतो की सीमा आखणं हे मतपेटीचं काम नव्हे. प्रत्येक गावाला विचारत बसलं तर एकही हद्द हलायची नाही आणि तोट्यातली परिषद पन्नास वर्षं रखडेल.

भाची: रखडू द्या असं मी म्हणतच नाही. हद्द बदला, पण बदलल्यावर ती एका जागी टिकू द्या. वेस्ट सॉमरसेटचा माणूस २०१५ मध्ये एका परिषदेला मत देतो, २०१९ मध्ये दुसऱ्या, २०२२ मध्ये तिसऱ्या. सात वर्षांत तीन सभागृहं. कुणाला जबाबदार धरायचं हे त्याला कळेपर्यंत पाटी बदललेली असते. आणि हे आमच्यापुरतं राहिलेलं नाही. डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने उरलेली सगळी द्विस्तरीय रचना मोडायचं जाहीर केलंय. १६४ डिस्ट्रिक्ट जाणार. प्रत्येक ठिकाणी बचतीचा असाच एक आकडा सांगितला जाईल आणि तो ज्यांनी सांगितला ते विचारायची वेळ येईपर्यंत खुर्चीत नसतील.

मामा: मग माझा एक उपाय ऐक, कारकुनी आहे. विलीनीकरणाच्या वेळी बचतीचा जो आकडा सांगितला, तो पुढच्या दोन निवडणुका होईपर्यंत दर वर्षी कौन्सिल टॅक्सच्या बिलावर छापायचा. एका रकान्यात सांगितलेली बचत, शेजारच्या रकान्यात झालेली. बिल प्रत्येक घरात जातं, अहवाल मात्र माझ्यासारखा रिकामटेकडाच वाचतो.

भाची: तिसरा रकाना वाढवा. लोकांना विचारलं होतं का, आणि ते काय म्हणाले होते.

मामा: त्यात मतदान किती टक्के झालं तेही छाप, मग माझी हरकत नाही.

भाची: छापा ना. ६५ टक्के, आणि पुढे ‘चारांतल्या एकाने मत दिलं’. दोन्ही खरं आहे. नव्या परिषदेची मुदत पाच वर्षांची आहे, निवडणूक २०२७ मध्ये. सॉमरसेटच्या एका परिषदेची ती दुसरी निवडणूक, म्हणजे आश्वासनावर नव्हे तर कामावर मत द्यायची पहिली वेळ. तोपर्यंत बिलावर ते रकाने आले नाहीत तर प्रचाराला दारात येणाऱ्या प्रत्येकाला मी ते तोंडी विचारणार आहे, पक्ष कुठलाही असो.

मामा: विचार. पण ‘बचत किती झाली’ एवढं विचारून थांबू नकोस. ‘वाचले ते पैसे कुणाच्या देखभालीला गेले’ हेही विचार. त्याला ते उत्तर देता आलं, तर तुझी परिषद गेली ते बरं झालं असं मी म्हणेन.

भाची: आणि देता आलं नाही तर?

मामा: तर २०२७ मध्ये तू मत दे, मग आपण पुन्हा भांडू. तोपर्यंत ही परिषद जागेवर राहू दे म्हणजे झालं.